अडीच ओहम

लहानू गजभिये वायरमनला ओळखणारे लोक त्याच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगत. पंखा फिरत नाही म्हणून बोलावलं तर दुसरा वायरमन आधी पंखा उघडी, लहानू आधी मीटर काढी. बोर्डापाशी किती व्होल्ट, पंख्यापाशी किती, तारेतून किती अँपिअर जातात, हे सगळं तळहाताएवढ्या वहीत पेन्सिलीने मांडल्याशिवाय तो शिडीला हात लावत नसे. घाईतली माणसं वैतागत. पण लहानूच्या हातचं काम बिघडत नाही, असा त्याचा लौकिक होता, आणि एकोणऐंशीच्या मे महिन्यापर्यंत त्याचाही त्यावर विश्वास होता.

त्याचा जन्म कुहीकडच्या एका धानाच्या गावातला. छप्पन साली बापासोबत दीक्षेला नागपुरात आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. बाप गावी परतला, हा तारेचं काम शिकायला शहरातच राहिला. शिकवणारे आनंदराव मास्तर फळ्यावर फारसं लिहीत नसत, बोलत. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध, दाबाला प्रवाहाने गुणलं की शक्ती. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. दोन आकडे हाती आले की बाकीचे लपून राहत नाहीत, असं ते सांगत. आणि पुढे म्हणत, "शक्ती कुठं नाहीशी होत नसते रे. दिव्यात गेली नाही, पंख्यात गेली नाही, तर मग ती कुठं गेली ते शोधायचं. कुठंतरी काहीतरी तापत असतं."

त्या मे महिन्यात मातीच्या तेलाची, म्हणजे रॉकेलची, फार टंचाई होती. डबे घेऊन रांगेत उभं राहायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं. लोकांनी विजेच्या शेगड्या आणल्या. वर उन्हाळा असा, की घराघरात कूलर. प्रताप नगरात राहणारे गणपतराव, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांनी लहानूला बोलावणं धाडलं. तक्रार साधी होती. शेगडी लावली की स्वयंपाकघरातला दिवा पिवळा पडतो आणि मागच्या खोलीतला कूलर मरगळतो.

लहानूने आधी मेन स्विचपाशी मीटर लावलं. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. स्वयंपाकघरात शेगडी बंद असताना दोनशे सत्तावीस. मग त्याने गणपतरावांच्या बायकोला, शामलाबाईंना, शेगडी लावायला सांगितली आणि शेजारी इस्त्रीही लावली. मेनपाशी काटा हलला नाही. स्वयंपाकघरात तो घसरत घसरत एकशे अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला. तारेभोवती चिमट्याचं मीटर धरलं तर जवळजवळ दहा अँपिअर.

त्याने वही काढली. तीस व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. तीसला दहाने भागलं, तीन ओहम. तेवढ्या लांबीच्या तारेचा जाऊन-येऊन रोध फार तर अर्धा ओहम. म्हणजे उरलेले अडीच ओहम तारेत पसरलेले नव्हते. ते एका जागी बसले होते. दहा गुणिले दहा गुणिले अडीच: अडीचशे वॉट. त्याच्या पिशवीतलं सोल्डरिंगचं यंत्र पस्तीस वॉटचं होतं आणि त्याने शिसं पाण्यासारखं वितळत असे. तशी सात यंत्रं या घरात कुठंतरी एकाच ठिकाणी टेकवून ठेवलेली होती आणि कोणालाही ती दिसत नव्हती.

"काय निघालं गा?" गणपतरावांनी विचारलं. "फ्यूज तर एकदाबी गेला नाही. धोका असता तर फ्यूज उडाला असता ना?"

लहानूला उत्तर ठाऊक होतं. फ्यूजला फक्त किती प्रवाह जातो तेवढं कळतं, आणि प्रवाह तर बेताचाच होता. तार एखाद्या जागी आतून तापत असेल तर ते फ्यूजला कधीच समजत नाही. पण तो वर बघत होता. समोरच्या दोन खोल्यांचा स्लॅब जिथं संपतो आणि मागच्या भागाचं कवेलूचं छप्पर सुरू होतं, तिथं आडवी लाकडी तक्तपोशी होती. त्या फळ्यांच्या वर, भिंतीपासून हातभर अंतरावर, एक लाकडी जंक्शन बॉक्स होता. तो न बघताच लहानूला माहीत होता, कारण बारा वर्षांपूर्वी त्यानेच तो तिथं ठोकला होता.

सदुसष्ट साली ही सगळी ओळ भैय्याजी ठेकेदाराने बांधली. एकाच नकाशाची घरं. तारांचं काम लहानूकडे. तेव्हा तांबं मिळेनासं झालं होतं. समोरच्या खोल्यांत तांब्याची तार ओढून झाली आणि बंडल संपलं, तेव्हा भैय्याजीने मागच्या भागासाठी ॲल्युमिनियमची तार आणून टाकली. लहानू म्हणाला होता, "भैय्याजी, या दोघायचा जोड टिकत नाही. मधात कनेक्टर पाहिजे." भैय्याजी म्हणाला, "पीळ दे अन् टेप मार. दोन दिवे अन् एक पंखा, काय होते?" लहानूने पीळ दिला आणि वर काळी टेप मारली. अकरा घरांत असंच केलं. आनंदराव मास्तरांनी बजावून सांगितलं होतं, की हे दोन धातू एकमेकांना सोसत नाहीत. हवेतला ओलावा त्यांच्यात शिरतो, वर्षावर्षाला जोड कुजत जातो. त्याला ते आठवत होतं, तरी त्याने टेप मारली. पुढे त्याने भैय्याजीचं काम सोडलं, स्वतःचं काम सुरू केलं, आणि ती अकरा घरं हळूहळू विसरून गेला.

"शेगडी दोन-चार दिवस लावू नका," तो गणपतरावांना म्हणाला. "मी सामान घेऊन येतो."

आणि तो निघाला. का लावायची नाही, ते त्याने सांगितलं नाही.

घरी त्याने जेवणाचं ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं. कौसल्या, त्याची बायको, चौदा वर्षांत त्याला इतकी ओळखत होती की तिने आधी ताट उचललं आणि मग विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"मंग तिथं काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली.

"जोड माझा आहे वं. लोकं म्हणतीन, यानेच आग लावून ठेवली."

"अन् शेगडी लावू नका म्हणून आलात. तेल मिळून नाही राहिलं, घरात खायची तोंडं आहेत. काहून लावू नको ते कळल्याबिगर कोणती बाई चूल बंद ठेवते? मी तरी ठेवली असती का?"

लहानूने वही उघडली. त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. एक अँपिअर असताना त्या जोडात अडीच वॉट निघत होते; बारा वर्षं तेवढ्यावर निभावलं. आता प्रवाह दहापट झाला, तर ताप दहापट झाला नाही, शंभरपट झाला.

सकाळी आठलाच तो सायकलवर निघाला. ऊन तेव्हाच अंगाला टोचत होतं. गणपतरावांच्या फाटकात शिरला आणि त्याला वास आला. जळका नव्हे, सडक्या मासोळीसारखा. तारेवरचं वेष्टण तापलं की तसा वास येतो, हे वायरमनला सांगावं लागत नाही. शामलाबाई स्वयंपाकघरात होत्या. खाप्याहून पाहुणे येणार होते, म्हणून सहापासून शेगडीवर एकामागून एक भांडं चढत होतं. दिवा इतका पिवळा झाला होता की नुसती लाल तार दिसत होती.

"मासोळीचा वास कुठून येऊन राहिला, तेच समजत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तर कोणी खात नाही."

लहानूने मेन स्विच खाली ओढला. "बाई, सगळ्यायले घेऊन अंगणात जा. गणपतराव, कूलरच्या टाकीतलं पाणी बादलीत भरा, अन् एक पोतं ओलं करून द्या मले."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की सगळे लगेच हलले. तो शिडीवर चढला आणि तक्तपोशीला तळहात लावला. लगेच काढला. फळी उचकटली तेव्हा आत आग नव्हती. बॉक्स मात्र उरलाच नव्हता. त्याच्या जागी काळं ढेकूळ होतं, आणि बाजूच्या सागाच्या फळीची कड विडीच्या टोकासारखी लाल होती. बाहेरची हवा आत शिरली आणि त्या कडेने फडक्यासारखी ज्वाळा वर उचलली गेली. लहानूने ओलं पोतं दोन्ही हातांनी तिच्यावर दाबलं. वाफ त्याच्या मनगटांवर आली. खालून गणपतराव बादल्या देत होते, तो ओतत होता, आणि कवेलूच्या फटींतून धूर बाहेर निघून रस्त्यावर माणसं जमत होती.

अर्ध्या तासाने तो खाली उतरला. हाताला फोड आले होते. शामलाबाईंनी कोरफड कापून आणली. कोणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "गणपतराव, हा जोड माझ्याच हातचा आहे. सदुसष्टचा. कालच मले समजलं होतं. सांगायचं भ्या वाटलं."

गणपतरावांनी वरच्या भोकाकडे बघितलं. रागावतील, पोलिसात जाऊ म्हणतील, असं लहानूला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "असे आणखी किती?"

"दहा."

"मंग इथं काहून बसला गा?"

त्या दुपारी तो भैय्याजीकडे गेला. भैय्याजी आता थकला होता, पण आवाज तोच होता. "बारा वर्षं काही झालं नाही. आता तू घरोघरी बोंबलत फिरणार? जोड तुझ्या हातचे. मी म्हणीन, माणसानं कच्चं काम केलं."

"म्हणा," लहानू म्हणाला. "मीबी तेच सांगून राहिलो लोकायले."

तीन आठवडे त्याने दुसरं काम घेतलं नाही. एकेका दारात जायचा, स्वतःचं नाव सांगायचा, चूक सांगायचा, आणि मीटर लावू द्या म्हणायचा. काहींनी दारातून हाकललं आणि गणपतराव सोबत आले तेव्हा आत घेतलं. चार घरांतले जोड बरे होते. चार घरांत टेप तपकिरी होऊन कडक झाली होती. एका घरात बॉक्सवरची फळी हात लावताच कोळशासारखी चुरली. त्या घरच्या माणसाने तिचा तुकडा हातात घेतला, हुंगला, आणि लहानूला पाणी दिलं. प्रत्येक ठिकाणी त्याने पीळ कापून काढला, दोन्ही तारा चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये वेगवेगळ्या स्क्रूखाली घट्ट बसवल्या, आणि पुन्हा मोजलं.

अकरावं घर मधल्या काळात विकलं गेलं होतं. तिथं आता ओमप्रकाश नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. त्याने तक्तपोशीखाली प्लायवूडचं नवं छत ठोकून त्याला सुंदर पांढरा रंग दिला होता. ते उघडायला तो तयार नव्हता. मोजायला मात्र परवानगी दिली. चार अँपिअरला सहा व्होल्ट कमी. दीड ओहम.

"सहाच व्होल्ट कमी ना," ओमप्रकाश हसून म्हणाला. "तेवढे तर रस्त्यावरच कमी येतात."

पुढच्या उन्हाळ्यात लहानू परत गेला. चार अँपिअरला अकरा व्होल्ट. पावणेतीन ओहम. ओमप्रकाशने फ्यूजची जाड तार दाखवून सांगितलं, की आता काळजी नाही. लहानूने समजावून पाहिलं. ओमप्रकाश पेपर वाचत राहिला.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात घरात मोठा कूलर आणि पाणी तापवायची विजेची कांडी आली होती. पाच अँपिअरला वीस व्होल्ट. चार ओहम, आणि वाटेतच हरवणारे शंभर वॉट. लहानूने वही ओमप्रकाशसमोर धरली. तिन्ही वर्षांचे आकडे एकाखाली एक होते.

"दर साल येऊन भ्या दाखवून राहिला तू," ओमप्रकाश म्हणाला. "घरात म्हातारी आहे माझी. तिले झोप लागत नाही तू आला की. पुन्हा येऊ नको."

म्हातारी, ओमप्रकाशची आई यमुताई, मागच्या खोलीत खाटेवर बसून ऐकत होती. तिची खाट त्या पांढऱ्या छताच्या बरोबर खाली होती.

चार दिवसांनी शामलाबाईंचा निरोप आला: यमुताईने बोलावलं आहे, ओमप्रकाश बायकोपोरांसह लग्नाला गेला आहे. लहानू भर दुपारी पोचला. यमुताई दारातच उभी होती.

"वर काहीतरी तडतडते," ती म्हणाली. "वाळल्या पानावर सरडा चालल्यावानी. अन् दिव्यापाशी चार पाली राहत होत्या माझ्या. परवापासून एकबी नाही. मीच तेवढी खाली झोपून राहिली. घर माझ्या नावचं आहे. फोड ते."

त्याने मेन बंद केला आणि प्लायवूडचा तुकडा कापून खाली घेतला. वर तक्तपोशी जशीच्या तशी होती. फळी काढली. बॉक्स तिथं नव्हता.  आधीच्या दहाही घरांत तो त्या जागेबद्दल चुकला नव्हता. सुतारांनी छत ठोकताना तारांची पट्टी सरकवली असणार, आणि जोड कुठं नेऊन कोंबला ते त्यांनाच ठाऊक. त्याने दुसरी फळी काढली, तिसरी काढली. गरम हवा भट्टीतून यावी तशी तोंडावर येत होती. तार लाकडाच्या आड गेली होती आणि तिथून कुठं वळली ते दिसत नव्हतं.

खालून यमुताई म्हणाली, "सापडत नसन तर?"

तेव्हा त्याला सुचलं. जोड सापडायलाच हवा असं नव्हतं. त्याच्यातून वीज जायला नको, एवढंच हवं होतं. त्याने ती जुनी तार मेनपाशी तोडली आणि दुसऱ्या टोकाला, मागच्या बोर्डापाशीही तोडली. मग बाहेरच्या भिंतीवरून नवी, अखंड तार ओढली, मेनपासून थेट मागच्या बोर्डापर्यंत, मध्ये एकही जोड न ठेवता. संध्याकाळ झाली. कूलर आणि पाण्याची कांडी एकदम लावून मोजलं. एक व्होल्टाचाच फरक.

"आता झोपा इथं," तो म्हणाला.

"आज अंगणातच झोपतो बापा," यमुताई म्हणाली.

ओमप्रकाश परतला. छताचं भोक बघून तो लहानूला काही बोलायला आला नाही. त्याने सुतार बोलावला. आठवड्याने तोच सुतार लहानूच्या घरी आला आणि कागदात गुंडाळलेली एक वस्तू देऊन गेला. खाटेच्या उशाच्या बरोबर वर, दोन लाकडांच्या बेचक्यात सापडली, असं म्हणाला. जंक्शन बॉक्सचं झाकण होतं, वाळल्या सालीसारखं वळलेलं. त्याला चिकटून टेपचा काळा गोळा, आणि गोळ्यात दोन तारांची टोकं, एकमेकांपासून सुटलेली. कौसल्याने ते घरात ठेवू दिलं नाही.

अकराही जोड संपले, म्हणून लहानूला मोकळं वाटायला हवं होतं. दोन वर्षं वाटलंही. मग त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये भैय्याजीने बोलावलं. तो अंथरुणाला खिळला होता. लहानू उशापाशी बसला. भैय्याजीने छताकडे बघत सांगितलं, की त्या साली तसं काम एकाच लेआउटमध्ये, एकाच वसाहतीत, झालं नव्हतं. आणखी दोन होते. एकात पस्तीस घरं, एकात नक्की किती ते आठवत नाही. तीच तार, तोच पीळ.

"वायरमन कोण होते?" लहानूने विचारलं.

"होते दोघं-तिघं. एक बिहारकडचा होता. बाकी..." भैय्याजीने हात हलवला. "नावं नाही राहिली."

"नकाशे?"

"वाळवीनं खाल्ले."

दुसऱ्या दिवशी लहानू पस्तीस घरांच्या त्या लेआउटमध्ये गेला. दुपारची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद, आणि प्रत्येक खिडकीतून कूलरचा एकसारखा घरघराट. ही घरं एका नकाशाची नव्हती. कुणाचा स्लॅब पुढे, कुणाचा मागे. काहींवर दुसरा मजला चढला होता. जोड कुठं असतील, कसे असतील, किती तापले असतील, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. ते त्याच्या हातचे नव्हते. इथं त्याला कोणी बोलावलंही नव्हतं.

कोपऱ्यावरच्या घरातला एक कूलर मध्येच मंद झाला, पुन्हा उचलला, पुन्हा मंद झाला. लहानूने सायकल त्या फाटकाला टेकवली, पिशवीतून मीटर काढलं आणि कडी वाजवली. आतून कोणी आलं नाही. त्याने पुन्हा वाजवली.

"कोण आहे?" दाराआडून एका बाईचा झोपेतला आवाज आला.

"वायरमन," तो म्हणाला.

"आम्ही नाही बोलावलं."

"माहीत आहे बाई," लहानू म्हणाला. "तुमच्या घरातला दिवा दुपारून पिवळा पडते का, तेवढंच सांगा."

आत कूलर पुन्हा मंद झाला. मग कडी सरकल्याचं ऐकू आलं.